अक्ष ढळत नाही, म्हणूनच चेंडू वळतो

फिरणाऱ्या चेंडूच्या उड्डाणाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच संभ्रम आहे. फिरकीमुळे चेंडूचा मार्ग स्थिर होतो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात स्थिर राहतो तो चेंडूचा अक्ष, आणि मार्ग सरळ राहणार की वाकणार हे त्या अक्षाचा चेंडूच्या गतीच्या दिशेशी किती कोन आहे यावर ठरते. हा फरक पहिल्या उत्तरात शक्य तितका स्पष्ट केला आहे, कारण पुढची सगळी उत्तरे त्यावर उभी आहेत.

प्रश्न (नाशिक येथील एक विज्ञान शिक्षिका): गोळी सरळ जावी म्हणून रायफलीच्या नळीत सर्पिल खाचा पाडून तिला फिरवतात, असे आम्ही शिकवतो. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू वळावा म्हणून त्याला फिरवतात. फिरण्याचे हे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध कसे?

दोन्हीकडे फिरण्याचा मूळ परिणाम एकच आहे. वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष बाहेरचा पीळ, म्हणजे त्याला वळवू पाहणारा जोर, बसल्याशिवाय आपली दिशा सोडत नाही. आजची गोळी लांबट असते. तिच्यावरील हवेचा दाब तिच्या वस्तुमानकेंद्राच्या पुढे एकवटतो आणि तिला आडवी पाडू पाहतो. फिरण्यामुळे ती आडवी होत नाही आणि तिचे टोक पुढेच राहते. चेंडू सगळीकडून सारखाच असल्यामुळे त्याला आडवे पडण्याचा प्रश्नच नसतो.

तरीही लांबट गोळ्या येण्याच्या कितीतरी आधी, बंदुकीतून शिशाचे गोल गोळे उडवले जात असतानाही, खाचांच्या नळीचा नेम गुळगुळीत नळीपेक्षा चांगला लागत असे. गोल गोळ्याला टोक नसताना खाचांचा उपयोग काय, हा प्रश्न मला लांबट गोळीपेक्षा अधिक उद्बोधक वाटतो. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४० च्या दशकात त्याचा छडा लावला. गुळगुळीत नळीतून बाहेर पडताना गोळा नळीच्या कोणत्या तरी बाजूला घासतो, त्यामुळे त्याला आडवीतिडवी फिरकी मिळते आणि हवेत तो वाकडा जातो, असे त्याचे म्हणणे होते. हे दाखवण्यासाठी त्याने बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली. गोळा सुरुवातीला अर्थातच डावीकडे निघाला, पण पुढे हवेत वळून उजवीकडे गेला. डावीकडे वाकलेल्या नळीत गोळा उजव्या भिंतीला घासून फिरतो, आणि त्या फिरकीने त्याला उजवीकडे नेले. खाचांमुळे गोळ्याचा अक्ष गतीच्या दिशेशी जुळवला जातो आणि अशा फिरकीला बाजूला ढकलण्याची संधीच उरत नाही. त्याआधी १६७२ मध्ये न्यूटननेही तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, अशी नोंद केली होती. फिरत्या चेंडूला बाजूला वळवणाऱ्या या बलाला नाव मात्र बर्लिनच्या हाइनरिश गुस्टाव्ह मॅग्नस यांचे मिळाले. त्यांचे प्रयोग १८५२ चे आहेत.

मॅग्नस बलाचे कारण असे. चेंडूची एक बाजू हवेच्या प्रवाहाबरोबर सरकते आणि दुसरी त्याच्या विरुद्ध. प्रवाहाबरोबर सरकणाऱ्या बाजूवर हवा अधिक काळ पृष्ठभागाला धरून राहते, त्यामुळे चेंडूमागची खळबळलेली हवा एका अंगाला फेकली जाते आणि चेंडू दुसऱ्या अंगाला ढकलला जातो. लक्षात ठेवण्यासाठी नियम सोपा आहे. चेंडूचा सर्वांत पुढचा बिंदू ज्या दिशेला सरकत असतो, त्याच दिशेला चेंडू वळतो. अक्ष गतीच्या दिशेतच असेल तर तो पुढचा बिंदू जागच्या जागी फिरतो, कोठेही सरकत नाही, म्हणून चेंडू वळत नाही.

प्रश्न (कोल्हापूर येथील पदवीचा एक विद्यार्थी): भोवरा फिरत असतानाही डुलतो. मग हवेतला चेंडू का डुलत नाही? आणि खेळपट्टीपर्यंत पोहोचेपर्यंत त्याची फिरकी कमी होत नाही का?

भोवरा आरीवर टेकलेला असतो आणि त्याचे वजन टेकूपासून दूर असलेल्या केंद्रावर खाली ओढत असते, म्हणून त्याच्यावर सतत पीळ बसतो आणि अक्ष गोल फिरू लागतो. याला परांचन म्हणतात. हवेतल्या चेंडूला टेकू नसतो. गुरुत्वाकर्षण त्याच्या केंद्रातूनच ओढते, त्यामुळे त्याचा पीळ शून्य असतो. उरतो तो हवेचा पीळ.

तो किती असू शकतो, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम आणि परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो. त्याचा वेग ताशी ८० किलोमीटर आणि फिरकी मिनिटाला २००० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ फेऱ्यांची, आहे असे मानू. हवेचे आडवे बल अर्ध्या न्यूटनपेक्षा थोडे कमी घेतले आणि शिवणीमुळे ते केंद्रापासून एक मिलिमीटर बाजूने लागते असे धरले, तरी साऱ्या उड्डाणात अक्ष जेमतेम एक अंश ढळतो. हेच बल न फिरणाऱ्या चेंडूवर लागले, तर तेवढ्याच वेळात चेंडू साठ अंशांच्या आसपास वळून जाईल. फिरण्यातून मिळणारे स्थैर्य किती मोठे आहे, हे या दोन आकड्यांतून कळते. फिरकी कमी होण्याचे म्हणाल, तर हवेच्या घर्षणाने चेंडूची फिरकी लक्षणीयरीत्या मंदावायला काही सेकंद लागतात आणि फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत राहतो पाऊण सेकंदापेक्षाही कमी. हातातून सुटलेली फिरकी जवळजवळ जशीच्या तशी टप्प्यापर्यंत पोहोचते.

प्रश्न (सांगलीचा एक तरुण वेगवान गोलंदाज): माझी शिवण हवेत सरळ राहत नाही, डगमगते. प्रशिक्षक म्हणतात की मनगट मागून सरळ ठेव आणि चेंडूला उलटी फिरकी दे. स्विंगसाठी चेंडू फिरवण्याची गरज काय?

स्विंग, म्हणजे वेगवान चेंडूचे हवेतच बाजूला वळणे, हे मॅग्नस बलाचे काम नव्हे. तिरप्या ठेवलेल्या शिवणीमुळे तिच्या बाजूचा हवेचा थर खळबळतो आणि चेंडूच्या मागच्या अंगापर्यंत चिकटून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा थर लवकर सुटतो. या असमतोलामुळे नव्या चेंडूला शिवण ज्या बाजूला कललेली असते त्या बाजूला बल मिळते. वायुगतिकीचे अभ्यासक रबींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात केलेल्या प्रयोगांत शिवणीचा कल सुमारे २० अंश आणि वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असताना हे बल मोठे मिळाले, आणि ते चेंडूच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत जाते. पण हे सारे शिवणीचा कोन उड्डाणभर टिकला तरच. तो टिकवण्याचे काम उलट्या फिरकीचे आहे. त्या प्रयोगांत सेकंदाला सुमारे अकरा फेऱ्या फायद्याच्या ठरल्या. तीनच फेऱ्या मिळाल्या, तर वरच्या हिशेबातल्याएवढ्याच पिळाने शिवण नऊ-दहा अंश ढळू शकते.

आता डगमगण्याविषयी, कारण येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. चेंडू अस्थिर आहे म्हणून शिवण डगमगते, असे समजले जाते. वस्तुतः तसा चेंडूही पूर्ण स्थिर असतो. त्याचा अक्ष शिवणीच्या प्रतलाला काटकोनात नसतो, एवढेच. एका बोटाचा जोर जास्त पडला आणि अक्ष दहा अंशांनी चुकला, की प्रत्येक फेरीत शिवण दहा अंश इकडे आणि दहा अंश तिकडे झुलते. चेंडू जवळजवळ परिपूर्ण गोल असल्यामुळे हे झुलणे उड्डाणात आपोआप शमत नाही. सुटतानाची चूक फलंदाजापर्यंत तशीच जाते. म्हणून उपाय हवेत शोधू नका, सुटण्याच्या क्षणात शोधा. दोन्ही बोटे शिवणीच्या दोन्ही अंगांना सारखी आणि एकाच वेळी सुटली पाहिजेत. फिरकी वाढवून झुलणे कमी होणार नाही, ते फक्त जलद होईल.

हेही नमूद करायला हवे की अनेक वेगवान गोलंदाज अशी झुलती शिवण आता मुद्दाम वापरतात. टप्पा पडताना शिवण कोणत्या कोनात असेल हे गोलंदाजालाही ठाऊक नसते, त्यामुळे फलंदाजाला हाताकडे पाहून अंदाज बांधता येत नाही. पण सरळ शिवण टाकता येणाऱ्यानेच झुलती टाकावी, असे माझे मत आहे.

प्रश्न (डोंबिवलीतील एक लेगस्पिनर): माझा चेंडू भरपूर वळतो, पण हवेत सरकत नाही. ज्यांचा सरकतो, त्यांचा शेवटच्या क्षणी का सरकतो?

हा प्रश्न मला सर्वांत आवडला. त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. सोयीसाठी सर्व दिशा गोलंदाजाच्या बाजूने पाहिल्याप्रमाणे आणि फलंदाज उजव्या हाताचा आहे असे धरून सांगतो.

४ जून १९९३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर शेन वॉर्न यांनी इंग्लंडचे फलंदाज माइक गॅटिंग यांना टाकलेला चेंडू आधी हवेत उजवीकडे, लेग स्टंपच्या बाहेर सरकला आणि टप्पा पडल्यावर डावीकडे वळून ऑफ स्टंपवर गेला. हवेतले सरकणे आणि टप्प्यानंतरचे वळणे नेहमी असे उलट दिशांना का असते, याचे कारण एकाच फिरकीच्या दोन घटकांत आहे. टप्प्यानंतर चेंडू डावीकडे वळण्यासाठी त्याचा तळ जमिनीवर उजवीकडे घासला पाहिजे, म्हणजे अक्ष खेळपट्टीच्या लांबीला समांतर हवा. हवेत उजवीकडे सरकण्यासाठी मात्र, वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे, पुढचा बिंदू उजवीकडे सरकला पाहिजे, म्हणजे अक्षाला काही प्रमाणात उभेपणा हवा. वरून पाहिले तर चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसला पाहिजे.

आपला चेंडू भरपूर वळतो आणि सरकत नाही, याचा अर्थ बहुधा आपला अक्ष पूर्णपणे खेळपट्टीच्या लांबीत पडलेला आहे. हवेत तो रायफलीच्या गोळ्यासारखा निरुपद्रवी असतो. आता येथे स्थिर अक्षाची करामत पाहा. चेंडू हातातून जवळजवळ आडवा सुटतो, पण गुरुत्वाकर्षण त्याची गती खाली वाकवत नेते. दोन मीटर उंचीवरून ताशी ८० किलोमीटर वेगाने आडवा सुटलेला चेंडू सुमारे ०.६४ सेकंदात, चौदा मीटरवर, टप्पा घेतो तेव्हा तो जमिनीकडे साधारण सोळा अंशांनी झुकून चाललेला असतो. अक्ष मात्र सुटताना होता तसाच आडवा असतो. सुरुवातीला शून्य असलेला अक्ष आणि गती यांमधला कोन वाढत वाढत सोळा अंशांपर्यंत जातो. चेंडूचा आता पुढे आलेला बिंदू थोडा खालच्या बाजूचा असतो, लेगस्पिनमध्ये तो उजवीकडे सरकत असतो, आणि म्हणून चेंडूही उजवीकडे ढकलला जातो. हे बल शेवटी शेवटी जन्माला येते, त्यामुळे सरकणे उशिरा होते. मात्र एवढ्याने मिळणारे सरकणे या वेगाला तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. चेंडू डोळ्यांच्या रेषेच्या वर उडवला, तर उतरताना कोन मोठा होऊन परिणाम वाढतो, पण वर चढताना तेच बल उलट दिशेला काम करते, हेही विसरू नये.

मोठे सरकणे हवे असेल तर अक्ष झुकवायलाच हवा. पूर्ण मॅग्नस बल या वेगाला आणि फिरकीला चेंडूच्या वजनाच्या साधारण एक-षष्ठांश असते. अक्ष गतीला पूर्ण काटकोनात असता तर त्याने चेंडू टप्प्यापर्यंत तीसएक सेंटिमीटर सरकवला असता. त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे बॅटच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट, सरकणे मिळाले तरी फलंदाजाचे पाऊल चुकते. अक्ष झुकवला की टप्प्यानंतरचे वळण काहीसे कमी होते, आणि हा सौदा माझ्या मते फायद्याचा आहे. हे बल सुरुवातीपासून सारखे लागले तरी निम्म्या वेळात एकूण सरकण्याच्या चौथा हिस्साच दिसतो आणि उरलेले तीन हिस्से दुसऱ्या निम्म्यात येतात, त्यामुळे फलंदाजाला तेही उशिराच आल्यासारखे वाटते.

तिसरा घटक टॉपस्पिनचा. अक्ष खेळपट्टीला आडवा असेल, तर पुढचा बिंदू खाली सरकतो आणि चेंडू लवकर खाली येतो. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर पूर्ण टॉपस्पिनचा चेंडू अपेक्षेपेक्षा सुमारे एक मीटर अलीकडे टप्पा घेतो. अनिल कुंबळे यांच्या गोलंदाजीत वळण कमी असूनही ती इतकी घातक ठरली, त्यात वेगाबरोबर या टॉपस्पिनचा आणि त्यातून मिळणाऱ्या उसळीचा मोठा वाटा होता. समोरून वारा असेल तर हवेच्या तुलनेत चेंडूचा वेग वाढतो आणि ही सारी बले वाढतात. आडव्या वाऱ्याचा परिणाम त्याहून मनोरंजक आहे. अक्ष खेळपट्टीच्या लांबीत असला, तरी डावीकडून उजवीकडे वाहणारा वारा लेगस्पिनरच्या चेंडूला खाली दाबतो आणि उलट वाहणारा त्याला उचलून धरतो. ऑफस्पिनरसाठी हे नेमके उलट होते. म्हणून कोणत्या टोकाकडून गोलंदाजी करायची हे ठरवताना खेळपट्टीच्या खडबडीतपणाइतकाच वाऱ्याचाही विचार करावा.

आपल्याकडे फिरकी शिकवताना बोटांची ताकद आणि फेऱ्यांची संख्या यांवर जेवढा भर दिला जातो, तेवढा अक्षाच्या दिशेवर दिला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. फेऱ्या वाढवायला वर्षे लागतात. मनगटाचा कोन बदलून अक्ष दहा-वीस अंशांनी हलवणे त्या मानाने लवकर साधते, आणि त्यातून गोलंदाजाला नवे चेंडू मिळतात.

प्रश्न (पुण्यातील एक टेबल टेनिसपटू): आमच्या चेंडूवर फिरकीचा परिणाम इतका तीव्र का दिसतो?

आपला चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि फक्त २.७ ग्रॅमचा असतो. सेकंदाला पंधरा मीटर वेगाने आणि चांगल्या टॉपस्पिनने निघालेल्या चेंडूवर मॅग्नस बल त्याच्या वजनाहूनही अधिक असू शकते. क्रिकेटच्या चेंडूवर ते वजनाच्या एक-षष्ठांश होते. हलक्या चेंडूवर हवेचे राज्य चालते. २००० मध्ये व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर केला गेला, तेव्हा वेग आणि फिरकी थोडी मंदावून चढाओढी लांबाव्यात हाच हेतू होता.

प्रश्न (न्यू जर्सीत स्थायिक झालेले एक वाचक): माझा मुलगा बेसबॉल खेळतो. त्याच्या प्रशिक्षकांच्या यंत्रावर फिरकीचा आकडा मोठा येतो, पण चेंडू फारसा वळत नाही. यंत्र चुकते आहे का?

यंत्र बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. बेसबॉलमध्ये एकूण फिरकी आणि वळवण्यास उपयोगी पडणारी फिरकी यांची वेगवेगळी नोंद ठेवली जाते. अक्षाचा जो घटक गतीच्या दिशेत असतो तो वळवण्याच्या कामी येत नाही. त्याला तेथे जायरो फिरकी म्हणतात. मोठ्या लीगमधील सरळ वेगवान चेंडू साधारण मिनिटाला २३०० फेऱ्यांचा असतो आणि त्यातली बहुतेक फिरकी उपयोगी असते. स्लायडर नावाचा बाजूला जाणारा चेंडू मिनिटाला तितकाच किंवा अधिक फिरत असूनही त्यातला बराच भाग जायरो असतो. डोंबिवलीच्या लेगस्पिनरला दिलेले उत्तर येथेही लागू पडते. चेंडू खाली झुकू लागला की स्थिर अक्ष आणि बदलती गती यांमध्ये कोन तयार होतो आणि चेंडू फलंदाजाजवळ थोडा बाजूला जातो. मुलाला आणखी फिरव असे सांगण्यापूर्वी अक्ष कोठे आहे ते तपासा.

प्रश्न (म्हापसा येथील एक फुटबॉलप्रेमी): अजिबात न फिरणारा फुटबॉल हवेत इकडेतिकडे का हलतो? फिरकी नाही, तर वळवणारे बलही नको.

मॅग्नस बल नसते हे खरे, पण चेंडूवरचे सांधे असतातच. ज्या बाजूच्या सांध्यामुळे हवेचा थर खळबळतो, त्या बाजूला चेंडू ढकलला जातो. चेंडू भराभर फिरत असता, तर सांधे सतत जागा बदलत राहिले असते आणि असे धक्के एकमेकांत मिटले असते. न फिरणाऱ्या किंवा संपूर्ण मार्गात एखादीच फेरी घेणाऱ्या चेंडूत ते मिटत नाहीत. सांधा थोडा सरकला की बलाची दिशाच पालटते. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात वापरलेल्या आठ तुकड्यांच्या जाबुलानी चेंडूबद्दल गोलरक्षकांनी केलेल्या तक्रारींमागे हेच कारण होते. तुकडे आणि सांधे कमी असल्यामुळे चेंडू बराच गुळगुळीत होता आणि हा डळमळीतपणा खेळात नेहमी येणाऱ्या वेगांनाच प्रकट होत होता. क्रिकेटमध्ये २०११ च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खान यांनी बोटांच्या पेरांवर धरून टाकलेला संथ चेंडू याच जातीचा. वेग कमी करणे हा त्याचा मुख्य हेतू असला, तरी फिरकी जवळजवळ नसल्याने त्याचा मार्गही फलंदाजाला नीट वाचता येत नाही.

प्रश्न (डोंबिवलीच्याच त्या लेगस्पिनरचा पुढचा प्रश्न): महागडे यंत्र नसताना माझा अक्ष मला कसा पाहता येईल?

शिवणीच्या दोन बाजू दोन रंगांच्या असलेला सरावाचा चेंडू घ्या, किंवा जुन्या चेंडूची एक बाजू पांढऱ्या रंगाने रंगवा. शिवणीवरून फिरवलेल्या चेंडूत दोन रंगांची सीमारेषा स्पष्ट दिसली, तर अक्ष शिवणीला काटकोनात आहे. सीमारेषा धूसर पट्ट्यासारखी दिसली, तर तो पट्टा जितका रुंद तितका अक्ष चुकलेला. अक्ष कोणत्या दिशेला आहे हे पाहण्यासाठी मोबाइल यष्टिरक्षकाच्या मागे, जाळीच्या पलीकडे ठेवा आणि सेकंदाला २४० चित्रे घेणारी संथगती सुविधा वापरा. सेकंदाला ३३ फेऱ्या असतील, तर प्रत्येक फेरीची सात चित्रे मिळतात आणि चेंडूवरचा कोणता बिंदू जागचा हलत नाही ते दिसते. तोच अक्षाचे टोक. तो बिंदू चेंडूच्या मधोमध दिसला, तर आपला अक्ष अजून खेळपट्टीच्या लांबीतच आहे. वरच्या कडेकडे गेलेला दिसू लागला, तर हवेत सरकणारा चेंडू जवळ आला आहे. साध्या चित्रणावर मात्र विसंबू नका. त्यात सेकंदाला ३० चित्रे असतात आणि सेकंदाला ३० फेऱ्यांनी फिरणारा चेंडू त्यात मुळीच न फिरल्यासारखा दिसतो.